आमदार आपला, मत मात्र पक्षाचं?

अर्धविराम (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात एका लग्नात आमचे आमदार भेटले. ओळख जुनी, ते नगरसेवक होते तेव्हापासूनची. बोलता बोलता एका विधेयकाचा विषय काढला. प्रचारात ज्याच्या विरोधात घसा कोरडा केला होता, त्याच्याच बाजूने त्यांनी सभागृहात मत दिलं होतं. माणूस सरळ आहे, सारवासारव केली नाही. म्हणाले, "अहो, व्हिप होता, अमुकच मत द्या असा पक्षाचा आदेश. विरोधात गेलो असतो तर आमदारकी गेली असती. मग तुमच्या रस्त्याचं काम कुणी केलं असतं?" तेवढ्यात अक्षता पडल्या आणि विषय राहिला तो राहिलाच.

तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे. आपण जो माणूस निवडून देतो, तो सभागृहात नेमका कुणाचा असतो?

जरा मागे गेलो. १९५० च्या मूळ घटनेत राजकीय पक्षांचा उल्लेख नव्हता. तो आला १९८५ साली, ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदीचं दहावं परिशिष्ट जोडलं तेव्हा. म्हणजे पक्ष आपल्या घटनेत शिरला तोच हातात चाबूक घेऊन. (व्हिप बजावणाऱ्याला आपण प्रतोद म्हणतो, त्या शब्दाचा मूळ अर्थही चाबूकच, ही गंमत मला हल्लीच कळली.)

त्याआधी काय चाललं होतं ते माहीत आहे. १९६७ मध्ये हरियाणात गयालाल नावाच्या आमदारांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि 'आयाराम गयाराम' हा शब्द आपल्याला दिला. मग यशवंतराव चव्हाणांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तिच्या अहवालातला एक आकडा बोलका आहे: पक्ष बदललेल्या २१० आमदारांपैकी ११६ जणांना त्यांनी आणलेल्या सरकारांत मंत्रिपदं मिळाली. तेव्हा दुखणं खरं होतं, याबद्दल वाद नाही.

पण इलाज काय केला? पक्ष सोडला तर सदस्यत्व जाणार, इथपर्यंत ठीक. त्यासोबत दुसरं कलमही घातलं. पक्षादेशाविरुद्ध मत दिलं, किंवा परवानगीशिवाय मतदानालाच आला नाही, आणि पक्षाने पंधरा दिवसांत पदरात घेतलं नाही, तरी सदस्यत्व जाणार. विषय सरकार पडण्याचाच असला पाहिजे असंही नाही. कुठलंही विधेयक चालेल. पैसे घेऊन पळालेला आणि मनाला पटत नाही म्हणून हात खाली ठेवलेला, दोघे एकाच पिंजऱ्यात.

ब्रिटनमध्येही व्हिप असतो. मार्च २००३ मध्ये इराकच्या प्रश्नावर सत्ताधारी मजूर पक्षाचे १३९ खासदार ब्लेअर सरकारच्या विरोधात गेले. सरकार टिकलं आणि खासदारांच्या जागाही टिकल्या. आपल्याकडे असं काही झालं असतं तर दुसऱ्या दिवशी अपात्रतेचे १३९ अर्ज अध्यक्षांच्या टेबलावर असते.

माझं मत सांगून टाकतो. या व्यवस्थेत प्रतिनिधी नावाची चीजच उरलेली नाही. २८८ आमदार कशाला हवेत? प्रत्येक पक्षाचा एकेक माणूस बोलवा, त्याच्या हातात संख्या लिहिलेली पाटी द्या, काम झालं. पक्ष प्रातिनिधिक लोकशाहीच्या मुळावर उठलेत असं मला वाटू लागलंय. तुम्हाला काय वाटतं?

चकवा

लग्नात असले प्रश्न विचारणाऱ्याला पुढचं आमंत्रण येतं का? (हलके घ्या.)

आता गंभीरपणे. तुम्ही मत देताना यंत्रावर काय शोधलंत, नाव की चिन्ह? खरं सांगा. मी चिन्ह शोधतो. आमच्या मतदारसंघात गेल्या वेळी उमेदवार कोण होता हे मला मतदान केंद्राच्या बाहेर लावलेल्या यादीवरून कळलं. अशा वेळी त्याने निवडून आल्यावर 'माझी सदसद्विवेकबुद्धी' असं म्हणून वेगळं मत दिलं, तर फसवणूक माझी होते. मी त्याच्या विवेकाला मत दिलेलंच नव्हतं. व्हिप हा माझ्या बाजूने आहे, तुमच्या आमदाराच्या विरोधात असला तरी.

आणि लोकांना खरंच पक्षाबाहेरचा माणूस हवा असता तर त्यांनी निवडला असता. १९५७ च्या लोकसभेत ४२ अपक्ष होते. २०२४ मध्ये ७.

टिपकागद

धागा चांगला आहे, पण कायद्याची बाजू थोडी भरून काढतो.

१. दहाव्या परिशिष्टाला आव्हान दिलं गेलं होतं. किहोतो होलोहान खटल्यात १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने ३ विरुद्ध २ अशा बहुमताने ते वैध ठरवलं. मात्र त्याच निकालात असंही म्हटलं की अपात्रतेची टांगती तलवार असलेला पक्षादेश विश्वासदर्शक मतदानापुरता, किंवा पक्ष ज्या धोरणावर लोकांपुढे गेला त्या धोरणापुरताच असावा. दिनेश गोस्वामी समितीचा १९९० मधला सूरही तोच होता. २०१० मध्ये खासदार मनीष तिवारींनी याच आशयाचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं. खासगी विधेयकाचा कायदा शेवटचा झाला तो १९७० साली, त्यामुळे पुढचं सांगायला नको.

२. व्हिप सगळीकडे चालत नाही. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत तो काढता येत नाही. राज्यसभेच्या निवडणुकीत पक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून दहाव्या परिशिष्टाखाली आमदारकी जात नाही. पण तिथली मजा वेगळी आहे. २००३ पासून मतदान खुलं आहे. आमदाराने मतपत्रिका पेटीत टाकण्याआधी आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायची. त्यालाच, दुसऱ्या कुणालाही नाही. २०१७ मध्ये गुजरातेत दोन आमदारांनी ती भलत्याला दाखवली आणि निवडणूक आयोगाने मध्यरात्री त्यांची मतं रद्द केली. माझ्या दृष्टीने आमदार-पक्ष नात्याचं यापेक्षा नेमकं चित्र नाही. तो निवडणूक लढवून आलेला माणूस आहे, आणि घडी उघडून कागद दाखवतोय, परीक्षेतल्या पोरासारखा.

३. ज्यासाठी हा कायदा केला ते तरी थांबलं का? आधी एक तृतीयांश आमदार फुटले तर ती 'फूट' समजून माफ होतं. २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने ती सवलत काढली. दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची ठेवली. किरकोळीला बंदी, घाऊकला परवाना, ही कोटी जुनी आहे पण शिळी झालेली नाही. एकट्याने पटत नाही म्हणून विरोधात मत दिलं तर घरी जा. मोठा जथा घेऊन गेलात तर मात्र अर्ज पडून राहतात, कारण निकाल देणारे अध्यक्ष स्वतः कुठल्यातरी पक्षातूनच आलेले असतात. मणिपूरच्या प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की साधारणपणे तीन महिन्यांत निकाल द्या. महाराष्ट्रातल्या ताज्या इतिहासात मी शिरत नाही, धागा बंद पडेल.

संपादक मंडळ

दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. पक्षांची नावं घेऊन धुणी धुवायची असतील तर त्यासाठी इतर धागे आहेत.

बांधावरून

अर्धविराम, तुम्हाला पक्षाशिवायची लोकशाही बघायची आहे ना? मग आमच्या गावात या.

आपल्याकडे जिल्हा परिषद, पंचायत समिती पक्षाच्या चिन्हावर होतात, ग्रामपंचायत होत नाही. मी एक मुदत सदस्य होतो, थेट सरपंच यायच्या आधी. माझं चिन्ह कपबशी. नऊ जणांची पंचायत. आमच्या पॅनेलचे पाच आले, समोरचे चार.

निकालाचा गुलाल अंगावरून धुतलाही नव्हता, तेव्हा दारात जीप. "चला, देवदर्शनाला." पाच दिवस आम्ही पाच जण एका लॉजवर. आमच्यात एक सदस्या होत्या, त्यांच्याबरोबर त्यांचे मालक. फोन सगळे पॅनेलप्रमुखांच्या भाच्याकडे जमा, एका पिशवीत. घरी बोलायचं तर तो समोर उभा राहून नंबर लावून द्यायचा. जेवणखाण उत्तम होतं, तक्रार नाही. रात्री पत्ते. मी एकदा पान खायला म्हणून खाली उतरलो तर मागे एक पोरगा आला, तोही पान खायला.

सरपंच निवडीच्या दिवशी जीप सरळ पंचायतीच्या दारात. समोरच्या बाजूने एक बाई उभ्या होत्या. बचत गट चालवायच्या, हिशोब चोख, तोंडावर बोलणाऱ्या. माझ्या मनात त्याच होत्या, आणि आमच्यातल्या आणखी एकाच्याही असाव्यात असं मला आजही वाटतं. अध्यासी अधिकाऱ्यांनी विचारलं तेव्हा गुप्त मतदान मागायला कुणीतरी तोंड उघडायला हवं होतं. कुणी उघडलं नाही. हात वर करायचा होता, मी केला. आमच्या माणसासाठी.

आता सांगा, कुठला व्हिप होता? कुठलं परिशिष्ट होतं? माझं सदस्यपद कुणी काढून घेऊ शकत नव्हतं. पण माझ्या शेताकडे जाणारी पाणंद, सोसायटीचं पीककर्ज, भावाची दूध डेअरीतली नोकरी, या सगळ्याची दोरी एकाच खुंटीला होती. पक्ष नसला म्हणून प्रतिनिधी मोकळा झाला हे शहरातल्या माणसाचं स्वप्न आहे.

आणखी एक. पक्षाला निदान नाव असतं. पाच वर्षांनी त्या नावाला शिव्या घालता येतात. पॅनेलचं नाव दर वेळी नवं, देवाच्या नावाने किंवा 'परिवर्तन' नाहीतर 'विकास'. माणसं तीच. शिव्या कुणाला घालायच्या?

आणि पक्ष नसतात तरी निकालाच्या दुसऱ्या दिवशी पेपरात येतंच की अमुक पक्षाकडे इतक्या पंचायती, तमुककडे इतक्या. सगळ्यांचे दावे मिळवले तर बेरीज जिल्ह्यातल्या पंचायतींपेक्षा जास्त भरते.

निमूट

सहल आमच्याकडेही होती. पिशवीऐवजी स्टीलचा डबा होता एवढंच.

सायंतारा

बांधावरून, प्रतिसाद जपून ठेवला आहे.

पक्षविरहित लोकशाहीचं स्वप्न फक्त शहरातल्या माणसाचं नाही हो, फार मोठ्या माणसांनी पाहिलंय ते. मानवेंद्रनाथ रॉय यांनी १९४८ साली स्वतःचाच रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्ष विसर्जित केला, कारण पक्ष सत्तेसाठी माणसाला साधन बनवतो असं त्यांचं मत झालं होतं. आपल्याकडे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्यांच्या वर्तुळातले. पुढे जयप्रकाशांनी पक्ष सोडून भूदानात जीवन दिलं आणि पक्षविरहित लोकशाही मांडली. आणि आणीबाणीच्या अखेरीस काय केलं? चार पक्ष एकत्र आणून जनता पक्ष उभा केला, कारण समोरच्या सत्तेला हटवायचं तर एक चिन्ह लागत होतं. यात मला विसंगती दिसत नाही, नाइलाज दिसतो.

उलट बाजूची उदाहरणं बघा. नेपाळात १९६० मध्ये राजे महेंद्र यांनी निवडून आलेलं कोइराला सरकार बडतर्फ केलं, पक्षांवर बंदी घातली आणि पंचायत व्यवस्था आणली. ती १९९० पर्यंत चालली. पाकिस्तानात झिया उल हक यांनी १९८५ ची निवडणूक पक्षांशिवाय घेतली. लोक निवडून आले ते बिरादरी आणि जमिनीच्या जोरावर, आणि सभागृह भरल्यावर आतच पंतप्रधान जुनेजोंच्या मागे मुस्लिम लीग उभी राहिली. पक्ष दारातून हाकलला, खिडकीतून आला. युगांडातही मुसेवेनींनी जवळजवळ वीस वर्षं 'आमच्याकडे पक्ष नाहीत, चळवळ आहे' असं चालवलं. पक्ष नकोत असं राज्यकर्ता म्हणतो तेव्हा बहुधा त्याला दुसऱ्यांचे पक्ष नको असतात.

डॉ. आंबेडकरांनी डिसेंबर १९५२ मध्ये पुण्याच्या भाषणात लोकशाही यशस्वी व्हायच्या अटी सांगितल्या, त्यात विरोधी पक्ष असणं ही एक अट होती. सुटे सुटे सज्जन म्हणजे विरोधी पक्ष नव्हे.

खरोखर पक्षाशिवाय नीट चालणारं एक उदाहरण मला माहीत आहे. कॅनडाच्या उत्तर टोकाला नुनावुत. १९९९ पासून तिथल्या विधानसभेत पक्ष नाहीत. सगळे स्वतंत्र निवडून येतात, मग एकत्र बसून गुप्त मतदानाने प्रमुख आणि मंत्री निवडतात. मंत्र्यांची संख्या मुद्दाम निम्म्याहून कमी ठेवतात, म्हणजे बाकीचे एकत्र आले तर सरकारला हरवू शकतात. सुंदर आहे. पण लोकसंख्या सगळी मिळून चाळीस हजारांच्या आसपास. मुंबईतला एक प्रभाग याहून मोठा भरेल.

अर्धविराम

बांधावरून यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझ्या मूळ मांडणीला भोक पडलं आहे हे कबूल. मी दोष व्हिपला देत होतो, पण त्या लॉजवर व्हिप नव्हता.

तरी चकवा यांचं पूर्ण पटत नाही. तुम्ही चिन्हाला मत दिलंत हे ठीक. पण जाहीरनाम्यात नसलेल्या गोष्टींचं काय? पाच वर्षांत शंभर विधेयकं येतात, त्यातल्या नव्वदांबद्दल चिन्ह काहीच बोललेलं नसतं. तिथे व्हिप तुमच्या बाजूने कसा? तिथे तो फक्त वरच्या दोन-तीन माणसांच्या बाजूने असतो.

सगळे ब्रिटिश खासदार एडमंड बर्कचं १७७४ चं, ब्रिस्टलच्या मतदारांपुढचं भाषण सांगतात, की प्रतिनिधी हा मतदारांचाही निरोप्या नाही, त्याने स्वतःची बुद्धी वापरावी. मीही धाग्यात तेच घालणार होतो. मग वाचलं की पक्ष म्हणजे समान तत्त्वावर देशहितासाठी एकत्र आलेले लोक ही व्याख्याही याच बर्कने चार वर्षं आधी केली होती. आणि ब्रिस्टलकरांनी पुढे त्याला रामराम केला. म्हणून राहू दिलं.

पोस्टकार्ड

मी एका पक्षात वीस वर्षं सतरंज्या उचलल्या. नाव विचारू नका, सगळीकडे सारखंच आहे. तुम्ही सगळे सभागृहातल्या मतदानावर बोलताय. माणूस तिथे पोचेपर्यंत खेळ संपलेला असतो.

महापालिकेची निवडणूक. अर्ज भरायचा शेवटचा दिवस, तीनला दार बंद. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पक्षाचा उमेदवार ठरतो एबी फॉर्मवर. 'ए' म्हणजे पक्ष कळवतो की उमेदवार ठरवायचा अधिकार अमक्याला दिलाय. 'बी' म्हणजे तो अमका कळवतो की आमचा उमेदवार हा. सही शाईची हवी, झेरॉक्स चालत नाही. हे दोन कागद वेळेत पोचले नाहीत तर तुम्ही अपक्ष.

मी सकाळी दहापासून निवडणूक कार्यालयाच्या बाहेर. अर्ज भरलेला, शपथपत्र झालेलं, सूचक आणि अनुमोदक झाडाखाली बसवून ठेवलेले. "निघालाय, पोचतोय." बारा वाजले. "पुलावर आहे." दोन वाजले. दोन चाळीसला गाडी आली, जिल्ह्याचे पदाधिकारी उतरले, माझ्याकडे न बघता आत गेले. पाकिटातल्या फॉर्मवर जे नाव होतं ते गृहस्थ दोनच दिवसांपूर्वी पक्षात आले होते. नाव पेनाने लिहिलेलं होतं, ओळीच्या वर थोडं चढलेलं. घाईत लिहिलं असावं.

आता हा माणूस निवडून आला (आला). तो कुणाचा प्रतिनिधी? ज्याने त्या कोऱ्या फॉर्मवर नाव घातलं त्याचा. तुमचा दहावा की अकरावा परिशिष्ट काढून टाका, त्याला काही फरक पडणार नाही. पुढचा फॉर्मही त्याच पाकिटातून येणार आहे हे त्याला माहीत आहे.

टिपकागद

पोस्टकार्ड, हा धाग्यातला सगळ्यात नेमका मुद्दा.

जर्मनीत याचं उत्तर थेट घटनेत आहे. कलम २१ म्हणतं पक्षांची अंतर्गत रचना लोकशाहीचीच असली पाहिजे, आणि निवडणूक कायद्यानुसार उमेदवार पक्षाच्या सदस्यांनी किंवा त्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींनी गुप्त मतदानाने ठरवायचा. कलम ३८ म्हणतं खासदार फक्त स्वतःच्या विवेकाला बांधील. दोन्ही एकाच घटनेत. पक्षशिस्त तिथेही कडक आहे, पण नाव पेनाने घालता येत नाही.

आपल्याकडे १९८९ पासून लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-अ खाली पक्षाची नोंदणी होते. पक्षाने घटनेशी, समाजवाद, धर्मनिरपेक्षता, लोकशाहीशी निष्ठा लिहून द्यायची. आतल्या निवडणुका खऱ्या झाल्या की खोट्या, त्यावरून नोंदणी रद्द करायचा अधिकार आयोगाला नाही. २०१३ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने सहा राष्ट्रीय पक्ष माहिती अधिकाराखाली येतात असा आदेश दिला. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष त्या आदेशाकडे पाठ फिरवताना खांद्याला खांदा लावून होते.

चकवा

पक्षांतर्गत मतदान म्हणजे रामबाण असं नका समजू. २०२२ मध्ये ब्रिटनच्या हुजूर पक्षात खासदारांची पहिली पसंती सुनक होते. सामान्य सदस्यांनी मतदान करून लिझ ट्रस यांना नेता, म्हणजेच पंतप्रधान, निवडलं. दीड महिन्यात राजीनामा. पक्षाचे सदस्य म्हणजे मतदार नव्हेत, ते देशाच्या तुलनेत मूठभर असतात आणि बहुधा जास्त कडवे. आपल्याकडे तर सदस्य नोंदणीच्या पावत्या गठ्ठ्याने कोण फाडतं हे पोस्टकार्ड जास्त चांगलं सांगतील.

पण पेनाने लिहिलेल्या नावापेक्षा मी ते पत्करेन. एवढं मान्य.

जाता जाता, बांधावरून, त्या बचत गटाच्या बाईंचं पुढे काय झालं?

बांधावरून

पुढच्या खेपेला सरपंच थेट जनतेतून झाला. त्या उभ्या राहिल्या, आमच्याच पॅनेलकडून. निवडून आल्या, चांगल्या मतांनी. मी मनापासून प्रचार केला.

निकालाच्या रात्री जीप आली नाही. सरपंच लोकांनीच निवडलेला, पळवायचं कुणाला?

उपसरपंच मात्र अजून सदस्यच निवडतात. त्याच्या आदल्या आठवड्यात आली.

निमूट

डबा की पिशवी?

बांधावरून

पिशवीच. भाचा आता सदस्य आहे, त्यामुळे पिशवी त्याच्या मेहुण्याकडे.